पाच हरणांचं ऋण

मराठी कार्यक्रमात सूत्रसंचालकानं ‘आणि आता आभारप्रदर्शन’ म्हटलं की पहिल्या दोन रांगा सोडून सगळे चपला शोधायला लागतात. बसून राहतात ते बटाटेवड्याच्या आशेनं. माइकवरच्या माणसालाही हे ठाऊक असतं. म्हणून तो मांडववाल्यापासून प्रमुख पाहुण्यांपर्यंतची नावं घाईघाईनं उरकतो आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य टाकतो : ‘आभार मानून मी आपल्याला परकं करणार नाही, आपल्या ऋणातच राहणं मला आवडेल.’ हे वाक्य वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की त्यातली खोच आता कुणाला बोचत नाही. आभार मानले की खातं बंद होतं. ऋण म्हटलं की ते उघडं राहतं, आणि कधीतरी कुणीतरी वही काढून विचारू शकतं, काय झालं त्याचं?

मी न्यू जर्सीत राहते. इथं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, अख्खा देश आभारप्रदर्शनाला बसतो आणि कुणीही मधेच उठून जात नाही, कारण वडे आधीच पानात वाढलेले असतात. रस्ते सामसूम, सकाळी टीव्हीवर न्यूयॉर्कची मिरवणूक, दुपारी फुटबॉल (तो पायापेक्षा हातानं जास्त खेळतात तो), आणि या सगळ्याच्या मधोमध ओव्हनमध्ये चार-पाच तास भाजलेली टर्की. आम्ही पहिल्या वर्षी तिला आलं-लसूण आणि गरम मसाला चोळला, दुसऱ्या वर्षी तंदुरी केली, तिसऱ्या वर्षी मान्य केलं की हा पक्षी मुळातच कोरडा. आता आमच्याकडे त्या दिवशी कोंबडी-वडे असतात. सण मात्र मला मनापासून आवडतो. तो तुमचा धर्म विचारत नाही, भेटवस्तू मागत नाही, कर्मकांड म्हणाल तर एकत्र जेवणं एवढंच.

या दिवसावरून इथं दरवर्षी वाद होतो. एक बाजू म्हणते, ज्या दिवसाच्या मुळाशी मूळनिवासींचा संहार आहे तो साजरा कसला करायचा, शोक पाळा. दुसरी म्हणते, वर्षातून एकदा माणसं जेवायला जमतात, तिथं तरी राजकारण आणू नका. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. सणाच्या पोटात खोट आहे हे खरं. पण ती जेवणात नाही, आभारातही नाही. ती त्या जेवणाला नंतर चिकटवलेल्या गोष्टीत आहे. गोष्ट सोलून काढता येते आणि ती काढलीच पाहिजे असं माझं मत आहे. जेवण ठेवावं, आणि त्या जागी खरा हिशेब मांडावा.

ती गोष्ट मला पहिल्यांदा भेटली माझ्या मुलीच्या डोक्यावर. बालवाडीतून ती कागदी पिसांचा पट्टा बांधून आली होती. वर्गातली अर्धी मुलं ‘पिलग्रिम’ झाली होती, उरलेली ‘इंडियन’. तिला कुठल्या गटात घातलं हे सांगायला नको. बाई भल्या होत्या, मनात काही वाईट नव्हतं. गोष्ट अशी : धर्मासाठी छळ सोसलेले गरीब पिलग्रिम मेफ्लॉवर जहाजातून आले, थंडीनं हैराण झाले, प्रेमळ इंडियन लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं, आणि पीक आल्यावर पिलग्रिमांनी त्यांना जेवायला बोलावून आभार मानले. पडदा.

या जेवणाचा प्रत्यक्ष पुरावा म्हणजे एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्यानं डिसेंबर १६२१ मध्ये इंग्लंडला लिहिलेल्या पत्रातला एक परिच्छेद. शे-सव्वाशे शब्दांचा. त्यात काय आहे? पीक घरात आल्यावर गव्हर्नरनं चार माणसं पक्षी मारायला पाठवली. आमच्या लोकांनी बंदुका चालवून मौज केली. त्यांचा मोठा राजा मॅसासॉइट नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस आम्ही त्यांचं आदरातिथ्य केलं, आणि त्यांनी जाऊन पाच हरणं मारून आणली. संपलं. ‘आम्ही त्यांना बोलावलं’ असं विन्स्लो कुठंही लिहीत नाही. हा आभाराचा दिवस होता असंही नाही. बंदुकांचे आवाज ऐकून, मार्चमध्ये केलेल्या परस्पर-संरक्षणाच्या तहाप्रमाणे काय झालं ते बघायला राजा आपले लोक घेऊन आला असावा, असं आजचे काही वाम्पानोआग, म्हणजे मॅसासॉइटच्या जमातीचे लोक, म्हणतात. मेफ्लॉवरवरून आलेल्या १०२ जणांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले होते. प्रौढ बायका चारच उरल्या होत्या, आणि तीन दिवस इतक्या माणसांच्या पंगतीचं रांधायचं कुणी, हा प्रश्न इतिहासकारांपेक्षा मला आधी पडला. थोडक्यात, पन्नासेक यजमान आणि नव्वद पाहुणे. त्यातले पाहुणे स्वतःच्याच भूमीवर होते आणि शिधाही स्वतः घेऊन आले होते. अशा पंगतीत यजमान कोण म्हणायचं?

मका शिकवणारा जो ‘प्रेमळ इंडियन’ तो तिसक्वांतम, गोष्टीतला स्क्वांटो. तो इंग्रजी कसा बोलायचा हे बालवाडीत सांगत नाहीत. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानानं त्याला फसवून पकडलं आणि स्पेनमधल्या मालागाच्या बाजारात विकायला नेलं. तिथून इंग्लंड, आणि १६१९ मध्ये तो कसाबसा घरी परतला. घर म्हणजे पटक्सेट हे गाव. गावात कुणीच नव्हतं. गोऱ्यांच्या जहाजांबरोबर आलेल्या साथीनं ते साफ झालं होतं. पिलग्रिमांना ‘देवकृपेनं’ मिळालेली आयती साफ केलेली जमीन ती हीच, पटक्सेटचीच. आणि मक्याचं बियाणं? केप कॉडच्या किनाऱ्यावर उतरल्या उतरल्या मूळनिवासींनी पुरून ठेवलेली मक्याची पेवं पिलग्रिमांनी उकरली आणि धान्य नेलं. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. नंतर भरपाई करू, असंही म्हटलंय. हे बियाणं मिळालं नसतं तर आपण उपाशी मेलो असतो, अशी कबुली पुढं गव्हर्नर झालेल्या विल्यम ब्रॅडफर्डनंही दिली आहे.

आपल्याकडे म्हण आहे, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. पुढची पंचावन्न वर्षं म्हणजे या म्हणीचा विस्तार आहे. मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम जमिनींच्या कुरतडीला कंटाळून १६७५ मध्ये लढायला उठला. पुढच्या वर्षी तो मारला गेला. त्याचं शीर प्लिमथला, पिलग्रिमांनी पटक्सेटच्या जागी वसवलेल्या गावात, आणलं, तो दिवस वसाहतीनं नेमका आभारप्रार्थनेसाठी नेमलेला होता. ते शीर गावात खांबावर वर्षानुवर्षं टांगलेलं राहिलं. मेटाकॉमच्या नऊ वर्षांच्या मुलाचं काय करायचं यावर धर्मगुरूंनी बायबल उघडून चर्चा केली आणि शेवटी त्याला गुलाम म्हणून विकलं. पाच हरणं घेऊन जो आला होता, त्याचा हा नातू.

एवढं वाचल्यावर टर्की घशाखाली उतरत नाही हे खरं. (टर्की १६२१ च्या पानात होती का? ब्रॅडफर्ड म्हणतो त्या हंगामात रानटर्क्या पुष्कळ होत्या. विन्स्लो नुसतं ‘पक्षी’ म्हणतो. पण या पक्ष्याची कुंडली सणापेक्षा मजेदार आहे. मूळचा मेक्सिकोचा. इंग्रजांना तो तुर्कांचा वाटला. तुर्क त्याला ‘हिंदी’ म्हणतात, फ्रेंचांचं ‘दँद’ म्हणजेही ‘हिंदचा’, डचांच्या ‘काल्कुन’मध्ये आपलं कालिकत बसलंय, आणि पोर्तुगीज त्याला ‘पेरू’ म्हणतात, म्हणजे लिस्बनमध्ये नाताळला लोक भाजलेला पेरू खातात. जो तो म्हणतो, आमचा नव्हे, तिकडचा. आणि प्लिमथच्या त्या पंगतीआधी नऊ वर्षं, १६१२ मध्ये, मुकर्रब खानानं गोव्याहून हा पक्षी जहांगीर बादशहाला नेऊन दिला. बादशहानं त्याच्या रंग बदलणाऱ्या मानेचं आत्मचरित्रात वर्णन केलं आणि चित्र काढवून घेतलं. उस्ताद मन्सूरचं ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तेव्हा टर्कीशी आपलं नातं नवं नाही, आपण फक्त ती खाल्ली नाही. चित्र काढून सोडून दिलं, हे शहाणपणाचंच झालं.)

तर मग ही गोष्ट सणाला चिकटली कधी? बरीच उशिरा. प्युरिटन, म्हणजे पिलग्रिमांसारख्या कडव्या प्रॉटेस्टंट लोकांचे आभाराचे दिवस म्हणजे चर्चमध्ये प्रार्थना. पाऊस पडला, साथ ओसरली, युद्ध जिंकलं की नेमायचे. विन्स्लोचा परिच्छेद दोनेकशे वर्षं धूळ खात पडला होता. १८४१ मध्ये अलेक्झांडर यंग या बोस्टनच्या धर्मगुरूनं जुनी कागदपत्रं छापताना त्याखाली एक तळटीप दिली : हेच पहिलं थँक्सगिव्हिंग. एका तळटिपेवर एवढा सण उभा आहे. नंतर इतरांनीही हक्क सांगितले. फ्लोरिडा म्हणते, आमच्या स्पॅनिश लोकांनी १५६५ मध्येच केलं. टेक्सास १५९८ सांगतं, व्हर्जिनिया १६१९. केनेडींनी १९६३ च्या घोषणेत व्हर्जिनिया आणि मॅसॅच्युसेट्स दोघांचीही नावं घेऊन हात झटकले. पहिला गणपती टिळकांनी बसवला की रंगारींनी, या वादात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

गणपतीची आठवण उगाच काढली नाही. थँक्सगिव्हिंग राष्ट्रीय सण झाला तो एका संपादकामुळं, आणि ती संपादक बाई होती. सारा जोसेफा हेल. चौतिसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात पाच मुलं. पुढं आयुष्यभर काळे कपडे घातले आणि ‘गोडीज लेडीज बुक’ हे देशातलं सर्वाधिक खपाच्या मासिकांपैकी एक मासिक चाळीस वर्षं चालवलं. आपल्या बालवाड्यांतून घोकून घेतलेलं ‘मेरी हॅड अ लिटल लॅम्ब’ तिचंच. तिला वाटायचं, उत्तर आणि दक्षिण ही दोन भांडखोर घरं एका दिवशी एकाच वेळी जेवायला बसली तर कदाचित फुटणार नाहीत. ती वर्षानुवर्षं राज्यपालांना, राष्ट्राध्यक्षांना पत्रं लिहीत राहिली. दक्षिणेतल्या गुलाममालकांना हा सण म्हणजे उत्तरेच्या गुलामगिरी-विरोधकांचा कावा वाटायचा. शेवटी लिंकननं तिचं ऐकलं, तोवर घर फुटलेलं होतं. ३ ऑक्टोबर १८६३ ची ती घोषणा, यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या कत्तलीनंतर तीन महिन्यांनी. एका संपादकाच्या हट्टातून समाजाला एक सार्वजनिक सण मिळतो, तो राजकीय हेतूनं मिळतो आणि तरीही लोक त्याला आपला म्हणतात, हे आपण १८९३ पासून पाहतोच आहोत. सण घडवलेला आहे म्हणून तो खोटा ठरत नाही.

लिंकनच्या नावानं निघालेला, परराष्ट्रमंत्री सुअर्डनं लिहिलेला तो मजकूर मुळातून वाचण्यासारखा आहे. त्यात पिलग्रिम नाहीत. टर्की नाही, पिसांचा पट्टा नाही, मॅसासॉइटही नाही. आहे ते असं : पिकाबद्दल आभार माना, पण त्याबरोबर आपल्या राष्ट्रीय हट्टीपणाबद्दल आणि अवज्ञेबद्दल नम्रपणे पश्चात्ताप करा, आणि या युद्धात विधवा झालेल्या, अनाथ झालेल्या, शोकात असलेल्या सगळ्यांची आठवण ठेवा. ज्या कागदावर हा सण उभा आहे, त्यातच पश्चात्ताप आणि शोक लिहिलेला आहे. नंतरच्या लोकांनी तो पुसला आणि त्या जागी परीकथा चिकटवली.

मी लिंकनला माळ घालत नाहीये. याच कागदात, कुऱ्हाडीनं आपल्या वस्त्यांच्या सीमा वाढवल्या याबद्दलही समाधान आहे, आणि त्या सीमा कुणाच्या जमिनीत वाढत होत्या ते उघड आहे. घोषणेच्या नऊच महिने आधी, २६ डिसेंबर १८६२ ला, मिनेसोटातल्या मॅनकॅटो गावात डकोटा जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं होतं, लिंकनच्या सहीनं. (त्याच्यापुढं आलेली यादी तीनशेवर नावांची होती, त्यानं ती कापली, हेही खरं.) तरीसुद्धा पश्चात्ताप हा शब्द ज्या सणाच्या जन्मदाखल्यात आहे, त्याला पश्चात्ताप परका म्हणता येणार नाही.

परीकथा खऱ्या अर्थानं शाळेत शिरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि विसाव्याच्या सुरुवातीला. मूळनिवासींशी शेवटच्या लढाया संपल्या होत्या, म्हणजे आता त्यांना चित्रात प्रेमळ दाखवणं सुरक्षित होतं. दुसरीकडून इटलीतून, पोलंडमधून, रशियातून लाखोंनी माणसं उतरत होती. त्यांच्या पोरांना अमेरिकन करायचं होतं. त्यांना सांगितलं गेलं, बघा, आपले पूर्वज पिलग्रिम हेही स्थलांतरितच होते. न्यूयॉर्कच्या गल्लीतलं सिसिलीचं पोर कागदी टोपी घालून एका इंग्रजाचं वारस बनलं. याच काळातल्या चित्रांत वाम्पानोआगांच्या डोक्यावर पिसांचे मोठे मुकुट दिसतात. ते मुकुट हजारो मैल दूरच्या मैदानी टोळ्यांचे. कोळ्याला फेटा बांधून लावणीला उभं करावं तसं. यजमानाचा चेहराही आठवत नाही, पण चित्रात तो हवा.

मग व्यापाराचा हात लागला. १९३९ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला. नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील म्हणून दुकानदारांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. निम्म्या राज्यांनी ऐकलं, निम्म्यांनी नाही, टेक्सास आणि कोलोरॅडोनं दोन्ही दिवस सुटी घेतली. फ्रँकलिनचं म्हणून लोक त्याला ‘फ्रँक्सगिव्हिंग’ म्हणायला लागले. अखेर १९४१ मध्ये काँग्रेसनं कायद्यानं चौथा गुरुवार ठरवला. तिथीचा घोळ घालायला पंचांगच लागतं असं नाही.

आणि टर्कीची माफी. दरवर्षी राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसच्या बागेत एका टर्कीला समारंभपूर्वक अभय देतात. १९८९ पासूनचा हा प्रघात, थोरल्या बुशनी सुरू केलेला. कॅमेरे खचाखच, विनोद ठरलेले. त्याच आठवड्यात साडेचार कोटींच्या आसपास टर्क्या देशभर भाजायला निघालेल्या असतात. याला हसण्याआधी आपण पोळा आठवावा. एक दिवस शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुरणपोळीचा घास आणि दुसऱ्या दिवशी तेच जू, तीच पराणी. ‘अमेरिकेला आभार मानायला एक दिवस लागतो, आपली संस्कृती रोज कृतज्ञ असते’ हा निरोप दर नोव्हेंबरात माझ्या फोनवर पुण्याहून चार जण पाठवतात. रोज कृतज्ञ असलेली ही संस्कृती मी मोलकरणीच्या वेगळ्या कपात बघितली आहे. आपण आपलं बोलू नये.

गोष्टीशिवाय सण चालतो का? बाहेरच्या देशांकडे पाहिलं की उत्तर मिळतं. कॅनडात तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, पीक तिथं लवकर घरात येतं, आणि प्लिमथचं नावही न काढता लोक पोटभर जेवतात. प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका अमेरिकन व्यापाऱ्यानं चर्च सजवून हा सण रुजवला. तिथं तो नोव्हेंबरच्या शेवटच्या बुधवारी येतो आणि चर्चच्या बाकांना मक्याची ताटं बांधतात. जपाननं उलट केलं. २३ नोव्हेंबरला सम्राट नवा तांदूळ देवांना अर्पण करतो, हा विधी फार जुना. युद्धानंतर, अमेरिकी अंमलाखाली १९४८ मध्ये, त्या दिवसाचं नाव ‘श्रमाबद्दल कृतज्ञतेचा दिवस’ झालं. सम्राटाचा विधी आत चालूच आहे, पाटी तेवढी बदलली.

पण मला थांबवून ठेवते ती लायबेरिया. अमेरिकेतल्या मुक्त काळ्या माणसांना आफ्रिकेत ‘परत’ पाठवण्याची टूम १८२० च्या सुमारास निघाली. सारा हेलबाईसुद्धा या मताच्या होत्या. गुलामगिरी त्यांना नको होती, आणि मुक्त झालेले शेजारीही बहुधा नको होते. ही माणसं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरली, त्यांनी १८४७ मध्ये देश स्थापन केला आणि थँक्सगिव्हिंगही बरोबर नेलं. आजही तिथं नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी सुटी असते. ज्यांच्या पाठीवर चाबकाचे वळ होते, ते तिथं जाऊन काय झाले? वसाहतवाले. मूळच्या लोकांना नागरिक मानायला १९०४ उजाडलं आणि सत्ता १९८० च्या रक्तरंजित उठावापर्यंत त्या जहाजांतून आलेल्यांच्या वंशजांच्याच हातात राहिली. सोसलेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. पिलग्रिमही सोसून आलेच होते, आणि आपणही कुठून कुठून काहीतरी सोसून आल्याचं सांगतोच.

१९७० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं पिलग्रिमांच्या आगमनाची ३५० वर्षं साजरी करायला मेजवानी ठेवली आणि वाम्सुट्टा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग संगीतशिक्षकाला भाषणाला बोलावलं. म्हणजे आभारप्रदर्शनाला हरणवाल्यांचा प्रतिनिधी. त्यानं लिहिलेलं भाषण आयोजकांनी आधी मागून घेतलं. त्यात उकरलेल्या कबरी होत्या, चोरलेला मका होता, विकलेली माणसं होती. त्यांनी त्याला दुसरं, गुळचट भाषण लिहून दिलं. तो गेला नाही. त्या थँक्सगिव्हिंगला तो आणि त्याचे साथी प्लिमथच्या कोल्स टेकडीवर मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी जमले. तेव्हापासून दरवर्षी तिथं ‘राष्ट्रीय शोकदिन’ पाळला जातो. पुष्कळ जण आदल्या सूर्यास्तापासून उपास करतात, आणि सभा-मोर्चा आटोपल्यावर, होय, एकत्र जेवतात. लिंकनच्या कागदातला शोक, पश्चात्ताप आणि जेवण हे तिन्ही एकाच जागी हवं असेल, तर ते न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत मिळत नाही. ते त्या टेकडीवर मिळतं.

आता माझ्या घरातल्या शेल्फावरचं एक पुस्तक. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. हे आपण अभिमानानं सांगतो, इथल्या मंडळांच्या स्मरणिकांतही छापतो. त्याच पुस्तकाच्या इंग्रजी प्रस्तावनेत फुल्यांनी लिहिलेलं दुसरं मात्र सांगत नाही : युरोपियन वसाहतवाल्यांनी अमेरिकन इंडियन लोकांवर जे क्रौर्य केलं, त्याला जोड सापडते ती इथल्या मूळच्या लोकांना आर्यांनी जिंकलं त्यातच. एका पानावर अमेरिकेचे आभार, पुढच्या पानांवर अमेरिकेवर आरोप, आणि लगेच स्वतःच्या देशावर. फुल्यांना यात विसंगती वाटली नाही. त्याच वर्षी अमेरिकी लष्कर कॅलिफोर्निया-ओरेगॉनच्या सीमेवर मोडोक या मूळनिवासी लोकांशी लढत होतं. एका राष्ट्राचे आभार मानताना त्याला सगळं माफ करावं लागत नाही, हे पुण्यातल्या एका माणसाला दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

फुल्यांचा नायक बळी. वामन दारात आला, तीन पावलं जमीन मागितली, आणि देणाऱ्याला पाताळात घातलं. दाता गेला, मागणारा राहिला. या कथेवर आपली दिवाळी आहे. पण आपल्या बाया पाडव्याला ओवाळताना कुणाचं नाव घेतात? ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ पोथी जिंकलेल्याची आणि ओवाळणी हरलेल्याला, असं हे घरातलं बंड किती शतकं चाललंय कोण जाणे. तेव्हा सणात दोन्ही मावतं का, आनंदाच्या ताटात तो घालवलेला यजमान बसवता येतो का, असं कुणी विचारलं तर मराठी माणसानं तरी ‘छे, मग मजाच जाईल’ म्हणू नये. आपण दरवर्षी करतो ते. दुसऱ्या दिवशी भाऊबीजही गोड लागते.

म्हणून शाळांकडे माझी मागणी छोटी आहे. पिसांचे पट्टे बंद. त्याऐवजी विन्स्लोचा परिच्छेद वाचा, एका मिनिटाचं काम. तिसक्वांतम इंग्रजी कुठं शिकला ते सांगा. सहावी-सातवीच्या मुलांना सहज झेपतं. आणि वाम्पानोआग ही गेलेली माणसं नाहीत हेही सांगा. मार्च २०२० मध्ये, साथ अंगावर आलेली असताना, सरकारनं मॅशपी वाम्पानोआगांना कळवलं होतं की तुमच्या राखीव भूमीचा दर्जा काढून घेतो. किती भूमी? ३२१ एकर. कोर्टकचेरी होऊन पुढच्या वर्षाअखेरीला ती वाचली. आमच्या गावाबाहेरच्या मॉलचा वाहनतळ बघताना हा आकडा मला दरवेळी आठवतो.

हे सगळं मी गेल्या वर्षी जेवणानंतर बोलून बसले. आमच्याकडे आलेल्यांपैकी एक जण, चांगला मित्र, सुपारी कातरत म्हणाला, ‘हे गोऱ्यांचं पाप. आपला काय संबंध? आपण विमानानं आलो, व्हिसा काढून आलो, कर भरतो.’ मुद्दा बिनतोड वाटतो. पण व्हिसा कुणामुळं मिळाला? १९६५ चा कायदा होईपर्यंत आपल्यासाठी हे दार जवळजवळ बंदच होतं. तो कायदा झाला तो नागरी हक्कांच्या चळवळीच्या लाटेवर. त्याच वर्षी अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावच्या पुलावर काळ्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या. आपल्या आभारांच्या यादीत ती माणसं येतात का? आम्ही जेवणाआधी एकेकानं आभार मानायचा खेळ खेळतो. आई-वडील, नोकरी, आरोग्य, ग्रीन कार्ड. सेल्मा अजून कुणी म्हटलेलं नाही. मीही नाही, यंदापर्यंत.

आणि जमिनीचं म्हणाल तर, मी त्याला विचारलं, घर घेताना टायटल सर्च केला होतास ना? केला होता. कुणाकडून कुणाकडं मालकी गेली याची ती साखळी, आपल्याकडच्या फेरफारांसारखी. वकील एका मालकाकडून आधीच्या मालकाकडं, तिथून आधीच्या, असा मागं मागं जातो, आणि विमा कंपनीच्या समाधानापुरतं मागं गेलं की थांबतो. आणखी मागं गेलो असतो तर कुठं पोचलो असतो? तो पार्सिपनीत राहतो, त्याचा भाऊ रॅरिटनजवळ. दोन्ही नावं लेनापी या इथल्या मूळनिवासींच्या भाषेतली. लेनापींचे वंशज आता बहुतेक ओक्लाहोमात आणि कॅनडात आहेत.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘म्हणजे सातबाऱ्यावर नाव नाही, पण गावाच्या पाटीवर आहे.’ आणि सुपारीचा डबा माझ्याकडे सरकवला.